चिमूटभर मैदा

"नको, नको. आमचं आणते," म्हणत संयोगिता वळली आणि जिन्याकडं पळाली. तिच्या चपला दारातच राहिल्या. मैद्याच्या डब्याकडं गेलेला संघप्रियाचा हात झाकणावरच राहिला, आणि डाव्या हातातल्या पाखराच्या पायातून एक थेंब कट्ट्यावर पडला.

आमचं. शब्द साधाच होता. माणसं दिवसभर एकमेकांना म्हणत असतात, आमचं भाडं, आमचे हे, आमचं गाव गारगोटीकडं. पण आत्ता तो कानात शिरला आणि आंघोळीचं पाणी गेल्यावर कान जड होतो तसा आत बसून राहिला. संघप्रियानं डोकं हलवून बघितलं. वरच्या मजल्यावर अनवाणी पावलं धावत होती, भांडं पडल्याचा आवाज आला, आक्कांचा खोकला आला. पाखराचं काळीज तिच्या बोटांना लागत होतं, इतकं भरभर की ते ठोके वाटतच नव्हते, नुसती थरथर वाटत होती. दोन बोटांच्या मध्ये मान, बाकीची बोटं नुसती भोवती, छातीवर दाब द्यायचा नाही. छाती दबली की पाखराला श्वासच घेता येत नाही. हे तिला येत होतं. म्हणूनच तर संयोगिता धावत खाली आली होती. वहिनी, बघा की ओ, रगत थांबंना, तुम्ही शिकल्याय त्यातलं, असं म्हणत हॉल ओलांडून थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली होती, आजवर पहिल्यांदाच. आणि संघप्रियाला, रक्त बघूनसुद्धा, त्या पहिल्यांदाच येण्याचं एक क्षण बरं वाटलं होतं. आता त्या बरं वाटण्याचीच तिला लाज वाटत होती.

पाखरू म्हणजे बजी, छोट्या पोपटाची एक जात. अख्खी बिल्डिंग त्याला लव्हबर्ड म्हणायची, आणि वारणानगरच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र घेऊन पदवी मिळवलेल्या संघप्रियानं ती चूक कधी दुरुस्त केली नव्हती. आकाशी पोट, पांढरं डोकं, गालांवर शाईचे ठिपके. जोडीतली मादी उन्हाळ्यात गेली, हा एकटा उरला, तेव्हापासून संयोगिताच्या सासूबाईंचा, आक्कांचा, त्याच्यावर भारी जीव जडला होता. सोनू म्हणायच्या त्याला. राळे द्या, पिंजऱ्यात समुद्रफेसाचा तुकडा अडकवा, हे त्यांना संघप्रियानंच सांगितलं होतं, जिन्यात उभं राहून. नखं वाढली, पातळात अडकतात म्हणून आज दुपारी संयोगितानं नेलकटर घेतलं आणि नखातल्या शिरेपर्यंत कापत गेली. तसं फार नव्हतं. एका नखाचं टोक. माणसानं बोट तोंडात धरलं असतं आणि विसरून गेला असता. पण एवढ्याशा जिवात रक्त ते किती, चहाचा चमचासुद्धा भरणार नाही. त्यातले काही थेंब संयोगिताच्या पदरावर, काही जिन्यात, काही आता इथं. करायचं असतं तेही थोडकंच. चिमूटभर मैदा नखाच्या टोकावर लावून घट्ट धरायचं. पुसत बसायचं नाही, सारखं उघडून बघायचं नाही. मग पिंजऱ्यावर कापड टाकून अंधारात, उबेत, एकटं सोडायचं. एवढंच. मैदा फळीवर होता. हात झाकणावर होता. आणि ती उभी होती.

का उभी होती, हे तिला नंतर पुष्कळदा स्वतःला विचारायचं होतं, पण त्या वेळी तसा काही प्रश्नही पडला नाही. कुणी थांब म्हणालं की थांबायचं, तसं अंगच थांबलं. उजव्या हाताचं बोट तिनं नखाच्या टोकावर दाबून धरलं. बोट ओलं झालं. संयोगिता वाईट नव्हती. हे ती स्वतःला वरचेवर सांगायची, आत्ताही सांगत होती. फुलेवाडीत हे घर भाड्यानं घेतलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात तीच आपणहून खाली आली होती. खुर्चीच्या कडेवर टेकली, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं तिची नजर गेली आणि तिथून पंख्यावर गेली. चहा टाकते म्हटल्यावर म्हणाली, आज सोमवार हाय माझा. पुढच्या वेळी गुरुवार होता. मग चतुर्थी. मग, आत्ताच झाला की ओ, पोटात जागा न्हाय. बाई इतके उपास करते आणि तरी अशी गुटगुटीत कशी, असं संघप्रियाचा नवरा नागसेन एकदा हसत म्हणाला होता. तो गगनबावड्याला हायस्कुलात मास्तर, शनिवारी यायचा, सोमवारी पहाटेच्या एस.टी.नं जायचा. त्याला हसणं परवडत होतं. संयोगिता तिळगूळ द्यायची तो कागदाच्या पुडीत, भजी पाठवायची ती आइस्क्रीमच्या प्लास्टिकच्या कपात. कप राहू दे, म्हणायची. आणि आलेली वाटी रिकामी पाठवायची नसते म्हणून संघप्रियानं सुरुवातीला एकदा त्या कपात साखर घालून वर पाठवली होती, तर लेक शिवानी कपासकट परत आली. काकू म्हणाल्या, कशाला आईला तरास. तेव्हापासून ते कप मोरीच्या वरच्या फळीवर एकात एक घालून उभे होते. टाकवत नव्हते आणि वापरवत नव्हते. तू फार बारकाईनं बघतेस, असं नागसेन म्हणायचा. बघितलं की दिसतं, प्रिया. बघू नये.

पण ती बघायची ते स्वतःसाठी नव्हे. दारात, पडद्याला धरून, सहा वर्षांची शिवानी उभी होती. गळ्यात पाण्याची बाटली. शिवानी रोज दुपारी वर जायची, सोनूला राळे घालायची, आणि एक जिना चढून जायचं असलं तरी संघप्रिया तिच्या गळ्यात बाटली अडकवायची. कुणाच्या घरचं पाणी प्यायचं नाही. तहान लागली तर हीच प्यायची. का, असं शिवानीनं विचारलं तेव्हा गावात काविळीची साथ होती, पंचगंगेच्या पाण्याबद्दल पेपरात रोज येत होतं, आणि उत्तर आयतं मिळालं. कावीळ होते बाळा. आपलं पाणी उकळलेलं असतं. साथ गेली, बाटली राहिली. ती किती बेमालूम गोष्ट झाली होती याचा संघप्रियाला मनातून अभिमानच होता. आपली पोर कुणाच्या दारात पाण्यासाठी ओंजळ धरून उभी राहणार नाही, आणि ती का उभी राहिली नाही हेही तिला कधी कळणार नाही. आक्का शिवानीला गॅलरीत बसवायच्या, पिंजऱ्याशेजारी. शेंगदाणे-गूळ हातावर ठेवायच्या. गुणाची पोर म्हणायच्या. गॅलरीला बाहेरून दार होतं. आतल्या खोलीत टीव्ही कुठल्या कोपऱ्यात आहे, देवघर कुठं आहे, हे शिवानीला सांगता येत नव्हतं, हे संघप्रियानं सहज विचारता विचारता काढून घेतलं होतं. आणि शिवानीला आपण आत गेलोच नाही हे अजून लक्षातही आलं नव्हतं.

"आई," शिवानी म्हणाली, "आपला डबा उघडत नाही का?"

हॉस्टेलवर बेडूक फाडायच्या आदल्या दिवशी सगळ्या पोरी तिच्या खोलीत यायच्या. तुझा हात थरथरत नाही गं, उद्या माझाही तूच धर. दुसऱ्या दिवशी ती टेबलाटेबलावर जायची, एकेकीच्या ट्रेमध्ये पहिली चीर घ्यायची, आणि रक्त आलं की त्या तोंड फिरवायच्या, तिच्या खांद्यावर हात ठेवून. खांद्यावर, हे खरंच. आणि दुपारी डबे उघडले की त्याच पोरी आपापल्या गावच्या, आपापल्या नात्यातल्या निघायच्या, गोल करून बसायच्या, गोलात जागा नसायची. कुणी काही बोललं नव्हतं. कुणी बोललं असतं तर उत्तर देता आलं असतं. तिची भाषणं कॉलेजात पहिली यायची. न बोललेल्याला काय उत्तर देणार. आणि त्याच्याही मागं आजी होती, चिमणाबाई, गारगोटीच्या पलीकडच्या वस्तीतली. बाळंतपण अडलं की रात्री-अपरात्री मोठ्या वाड्यावाड्यातून तिला बोलावणं यायचं. नाळ कापायला चिमणाबाईच लागायची. ती पोर ओढून काढायची, उलटं धरून रडवायची, पुसून आईजवळ निजवायची. आन् म्या उंबऱ्याभाईर पडले की त्येला परत धुवायचे, असं आजी सांगायची, आणि इथं आली की हसायची. दात नसलेलं तोंड उघडून, मांडीवर थाप मारून हसायची. थंडीदिवसात धुवायचे गं, गार पाण्यानं. पर त्ये मेलं न्हाय. मोठं झालं, सरपंच झालं की. लहानपणी संघप्रियाही हसायची. हसायचं कशाला ते कळायच्या आधी ती हसायला शिकली होती.

दाबलेल्या बोटाखालून पुन्हा ओल आली, आणि पाखरानं मान तिच्या अंगठ्यावर टाकली. चावायचं सोडलं होतं त्यानं. मघाशी कसं कडकडून चावलं होतं. तिला एकदम वाटलं, हे मरेल. आपल्या हातात, आपल्या फळीखाली, आपला डबा बंद ठेवून मरेल, आणि शिवानी दारात उभी राहून बघेल. मग काही ठरवलं नाही. झाकण उडालं ते भांड्यांच्या जाळीवर जाऊन आपटलं. चिमूटभर मैदा, नखाचं टोक, आणि दाब. मैदा लाल झाला, तिनं वर अजून घेतला, दाबून धरला, आणि आकडे मोजण्याऐवजी ती नुसती पाखराच्या डोळ्याकडं बघत राहिली. काळा, ओला, मोहरीएवढा डोळा. त्यात खिडकी दिसत होती. किती थेंब पडले तिनं मोजले नाहीत. कट्ट्याकडं बघितलंच नाही. थोड्या वेळानं दाबाखाली ओल यायची थांबली. नखाच्या टोकाशी पिठाची एक घट्ट, तपकिरी गुठळी बसली. पाखरानं डोळा मिटला, उघडला, आणि तिच्या अंगठ्याला हलकी चोच लावली. चावला नाही. शिवानी टाचा वर करून बघत होती. "थांबलं?" तिनं विचारलं. थांबलं, असं संघप्रिया म्हणाली.

तेवढ्यात संयोगिता आली, हातात स्टीलची वाटी, वाटीत काठोकाठ मैदा. धाप लागली होती. डबा सापडंना ओ, आक्कांनी कुठं सारलावता कुणाला ठाऊक. संघप्रियानं पाखराचा पाय तिच्यापुढं धरला नाही. हात थोडा फिरवला. आणि नंतर जे तिला सगळ्यात जास्त टोचत राहिलं ते हे, की तिनं उजवा हात पुढं केला आणि त्या वाटीतला मैदा चिमटीत घेतला. गरज नव्हती. गुठळी बसली होती, तिला हात लावणंसुद्धा चूक होतं. तरी तिनं तो वरचा मैदा त्या गुठळीवर अलगद भुरभुरला, वरच्यावर, संयोगिताला दिसेल असा. संयोगिताचा चेहरा सैल झाला. भांडण नको, एवढंच. पाखरू वाचलं ना. असं संघप्रियानं स्वतःशी म्हणायला आणि शिवानीनं बोलायला एकच गाठ पडली.

"पण आईनं आमचा मैदा आधीच लावलाय," शिवानी म्हणाली. "त्यानंच थांबलं."

संयोगितानं उघड्या डब्याकडं बघितलं. मग पाखराकडं. मग हसली, आणि ते हसू इतकं चांगलं होतं की संघप्रियाला वाटलं, आपण खरंच फार बारकाईनं बघतो.

"असू दे की," संयोगिता म्हणाली. "औषधाला काय न्हाय होत."

वरून आक्कांची हाक आली, पाखरू आदी वर आण म्हणून. संघप्रियानं सगळं नीट सांगितलं. एकदा सांगितलं, मग दारापर्यंत जाऊन पुन्हा सांगितलं. पिंजऱ्यावर जाड कापड टाका. आज हात लावू नका. वरची दांडी काढून ठेवा, चढउतर नको. आणि पाण्याचं भांडं प्यायला एवढंच ठेवा, आंघोळीचं पसरट काढा. पाय भिजला तर ती गुठळी सुटेल. पाणी लागू देऊ नका. संयोगितानं प्रत्येक गोष्टीला व्हय म्हटलं, पाखरू हातात घेतलं, चपलांत पाय घातले, आणि वाटी तेवढी कट्ट्यावर विसरून गेली. ती वाटी बघून संघप्रियाला वेड्यासारखा आनंद झाला. स्टीलची होती. खाली नाव कोरलेलं होतं, आक्कांचं. संध्याकाळी तिनं रव्याचे लाडू वळले, वाटीतला मैदा काढून दोन त्यात ठेवले, वर झाकण घातलं. उद्या शिवानीबरोबर पाठवू. कट्टा पुसला. रक्ताचे थेंब वाळले होते, निघायला वेळ लागला.

सकाळी शाळेआधी शिवानी वाटी घेऊन वर गेली, गळ्यात बाटली. लगेच परत आली. वाटी हातातच होती, लाडवांसकट, आणि तिचं तोंड असं झालं होतं की संघप्रियाला काही विचारावं लागलं नाही. सोनू पिंजऱ्याच्या तळाला पडलाय. कागद सगळा लाल झालाय. हलत नाही. आक्का आजी रडतायत. संघप्रिया तशीच जिना चढली, गाऊनवर टॉवेल टाकून. गॅलरीचं दार उघडं होतं. आक्का पाटावर बसून खरोखरच रडत होत्या, पदरात तोंड घालून, सोन्या, माझ्या सोन्या, असं म्हणत. त्यांचं रडणं खोटं नव्हतं, आणि ते खोटं नव्हतं हेच संघप्रियाला सहन होईना. पिंजऱ्यात ते आकाशी बोचकं. पिसं चिकटून झुपके झुपके झालेली, ओली होऊन वाळल्यावर होतात तशी. उजव्या पायाचं नख स्वच्छ. पिठाचा कण नाही. गुठळी नाही. संयोगिता आतल्या दारात आली आणि तिथंच थांबली.

"वहिनी, तुमच्या त्या मैद्यात सोडा-बिडा हुता का ओ?" तिनं विचारलं. आवाजात भांडण नव्हतं. "आक्का म्हणत्यात, कायतरी बाधलं असंल."

"पाणी लावू नका म्हटलं होतं मी."

"पाणी न्हाय ओ लावलं," संयोगिता म्हणाली. "नुस्तं धुतलं. दिवा लावायची वेळ झालती, आक्का त्याला देवापुढं नेत्यात की रोज. मग धुतलं जरा. कोमटच हुतं."

कोमटच होतं. संघप्रियाच्या तोंडात कितीतरी वाक्यं आली, कॉलेजातल्या भाषणांसारखी, टाळी घेणारी. खाली पायरीवर शिवानी उभी होती, वर बघत. आक्का मध्येच रडायचं थांबून म्हणाल्या, लेकरा, तू कशाला ग बघतीस असलं, जा खाली. प्रेमानंच म्हणाल्या. संघप्रियानं एवढंच म्हटलं, की मैद्यात काही नव्हतं. मैदाच होता. मग ती खाली आली, आणि जिन्यात कालचे थेंब अजून तसेच होते, आणि ती त्यांच्यावरून पाय टाकून आली.

शाळेला पाठवलं नाही शिवानीला. लाडू वाटीतून काढून तिनं ताटलीत ठेवले, वाटी घासली, आणि घासता घासता थांबली. कुणासाठी घासतोय कळेना. शिवानी कट्ट्याला टेकून उभी होती. रडून झालं होतं. मैद्याचा डबा खाली घेऊन, झाकण उघडून ती आत बघत होती. एक बोट आत घातलं, बाहेर काढलं, नाकाशी नेलं.

"आपल्या मैद्यात काय होतं?"

"काही नव्हतं. त्याला धुतलं म्हणून गेला तो. गुठळी सुटली."

"मग का धुतलं त्यांनी?"

पाणी वाहत होतं. संघप्रियानं नळ बंद केला. सहा वर्षं तिनं या प्रश्नाच्या वाटेवर एकेक दगड रचला होता, बाटली, गॅलरी, काविळीची साथ, आणि आता तोच प्रश्न तिच्यासमोर कट्ट्याएवढ्या उंचीचा उभा होता. स्वच्छता लागते बाळा, असं ती म्हणाली. रक्त लागलं होतं ना. पीठ चिकटलं होतं. धुतात माणसं. बोलता बोलताच तिला दिसलं की शिवानी मान डोलवत नाहीये. पोर विचार करत होती. तिच्या कपाळावर नागसेनसारखी बारीक आठी आली होती. मग तिनं ते मैद्याचं बोट समोर धरलं, लांब, आईच्या गाऊनला लागू न देता, आणि बेसिनकडं गेली. स्टूल ओढलं. साबण घेतला. बोट घासायला लागली, मग पंजा, मग मनगट. गळ्यातली बाटली बेसिनच्या कडेला आपटत होती.

"किती वेळ धुवायचं?" तिनं विचारलं. "म्हणजे त्यांना आपली कावीळ लागणार नाही?"

संघप्रियानं तिचं मनगट धरलं. फार घट्ट धरलं. पाखरू असतं तर श्वास कोंडला असता. मग बोटं सैल केली. साबणाचा हात गाऊनच्या घोळानं पुसला. बाटली गळ्यातून काढली. ती खुंटीला न लावता खाली ठेवली, आणि शिवानीला उचलून कट्ट्यावर बसवलं, उघड्या डब्याशेजारी, कालचे थेंब पुसले होते तिथंच. कुठून सुरू करायचं हे तिला माहीत नव्हतं. बाबासाहेबांच्या फोटोपासून करावं तर पोर उठून उभी राहून नमस्कार करेल, तिला तसंच शिकवलं होतं. म्हणून ती म्हणाली, तुझी एक पणजी होती, चिमणाबाई. तिचे हात फार चांगले होते. तिच्या गावात कुणाच्याही घरी बाळ व्हायचं असलं, की तिला बोलवायचे. शिवानीनं पाय हलवायचे थांबवले. ती बाळ बाहेर काढायची, संघप्रिया सांगत होती, नाळ कापायची, रडवायची, पुसून आईजवळ निजवायची. आणि ती उंबऱ्याबाहेर पडली, की त्या बाळाला परत धुवायचे.

आजी इथं हसायची. संघप्रियानं तोंड उघडलं, आजीसारखंच, मांडीवर हातसुद्धा नेला. पण आतून काही आलं नाही. वरच्या गॅलरीत कुणीतरी पिंजरा धूत होतं. पन्हाळीतून पाणी खाली पडत होतं, गुलाबी, मग पांढरं.

"मग?" शिवानी म्हणाली.